थायरॉईडची कमतरता आणि स्त्रीचे आरोग्य

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिला प्रश्न सुनेलाच विचारला जातो. नवस होतात, गंडेदोरे होतात, प्रसंगी दुसऱ्या लग्नाची भाषाही सुरू होते. अशा काही घरांत खरे कारण तिच्या मानेतील एका लहानशा ग्रंथीत दडलेले असते आणि ते एका साध्या रक्ततपासणीने कळू शकते. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या अनेक मुली आज परभणी, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा अशा ठिकाणी संसार सांभाळत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी हा विषय येथे मांडत आहे.

मानेच्या पुढील भागात श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड, म्हणजेच अवटू ग्रंथी असते. आहारातील आयोडीन वापरून ती थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. शरीरातील पेशींच्या कामाचा वेग या संप्रेरकावर अवलंबून असतो. ते कमी पडले की सतत थकवा येतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही, केस गळतात, बद्धकोष्ठता होते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. पण घरकामाचा शीण समजून तो अंगावर काढला जातो.

थायरॉक्सिन घटले की मेंदू ग्रंथीला जागे करण्यासाठी अधिक जोराने संदेश पाठवू लागतो. त्याच संदेशामुळे प्रोलॅक्टिन हे दूधनिर्मितीशी संबंधित संप्रेरकही वाढू शकते आणि ते अंडाशयाच्या कामात अडथळा आणते. मग स्त्रीबीज वेळेवर परिपक्व होत नाही. पाळी लांबते, अनियमित होते किंवा अतिरक्तस्राव होतो. अतिरक्तस्रावामुळे रक्तक्षय वाढतो आणि गर्भ राहणेही कठीण होते.

गर्भधारणेनंतर या संप्रेरकाची गरज आणखी वाढते. पहिल्या सुमारे तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करू लागलेली नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवरच होत असते. उपचार न झाल्यास गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, आईचा रक्तदाब वाढणे आणि बाळाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होणे, असे धोके संभवतात.

या विकाराचे जुने कारण म्हणजे आयोडीनचा अभाव. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड आटोक्यात येतो हे सिद्ध झाले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आली. म्हणून स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे आणि ते झाकून ठेवावे. मात्र तेवढ्याने भागत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते, असाही एक प्रकार असतो. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. आज पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या भागांत हेच प्रमुख कारण आहे आणि मीठ वाढवून ते बरे होत नाही.

पाळीची तक्रार, वारंवार गर्भपात, मूल न होणे किंवा घराण्यात थायरॉईडचा विकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने टीएसएच तपासणी करून घ्यावी. मूल होत नसेल तर पतीचीही तपासणी तितकीच आवश्यक आहे. उपचार म्हणजे बहुधा रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची एक गोळी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. दिवस राहिले म्हणून ही गोळी मनाने बंद करणे ही सर्वांत घातक चूक होय. उलट अशा वेळी डॉक्टरांना तत्काळ भेटावे, कारण मात्रा बहुधा वाढवावी लागते.

योग्य उपचाराने अनेक स्त्रियांची पाळी सुरळीत होते आणि मातृत्वाची वाट मोकळी होते. म्हणूनच सुनेला बोल लावण्याआधी तिला दवाखान्यात न्यावे. शिक्षणाने आपल्याला कारण शोधायला शिकवले. ते शिक्षण घराच्या उंबरठ्याच्या आतही उपयोगी पडले पाहिजे.