एक धागा, अनेक रिळे

मनुष्याच्या एका पेशीतील डीएनएचा धागा सरळ केला, तर तो सुमारे २ मीटर भरेल. इतका लांब धागा डोळ्यांस न दिसणाऱ्या पेशीकेंद्रात मावतो, तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांमुळे. आठ हिस्टोनांचे एक रीळ होते आणि त्याभोवती धागा जवळजवळ पावणेदोन वेढे घेतो. जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ साली ही प्रथिने शोधून काढली.

यकृताच्या व डोळ्याच्या पेशींत धागा एकच. मग त्यांची कामे भिन्न का? धागा घट्ट गुंडाळलेला असेल तेथील जनुके मुकी राहतात. सैल असेल तेथील बोलू लागतात. हिस्टोनांवर बारीक रासायनिक खुणा उमटतात व पुसल्या जातात. त्यांवरून हे सैल-घट्ट ठरते. या खुणांचा जनुकांच्या कार्याशी संबंध असावा, असे व्हिन्सेंट ऑलफ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली सुचविले होते.

खूण चुकली तर काय होते, हे काबुकी नावाच्या विकारात दिसते. निकावा व कुरोकी या जपानी डॉक्टरांनी १९८१ साली त्याचे वर्णन केले. अशा मुलांच्या डोळ्यांची ठेवण काबुकी नाटकांतील नटांच्या रंगभूषेची आठवण करून देते, म्हणून हे नाव पडले. त्यांची वाढ खुंटते, शिकणे जड जाते. अनेकांच्या हृदयातही जन्मतः दोष असतो. २०१० साली कारण सापडले: हिस्टोनावर एक विशिष्ट खूण उमटविणारे केएमटी२डी हे जनुक बहुतेकांत बिघडलेले असते. त्यामुळे इतर कित्येक जनुके स्वतः निर्दोष असूनही वेळेवर जागी होत नाहीत.

येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानी धरावी. बहुधा हा बिघाड आईबापांकडून येत नाही. तो त्या बालकातच नव्याने उद्भवतो. ग्रहण, दृष्ट किंवा आईच्या हातून घडलेली एखादी चूक, यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

धाग्यावरील अक्षर बदलणे कठीण. परंतु रिळावरील खूण बदलता येते. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी हाच दोष असलेल्या प्रौढ उंदरांना अशा खुणा राखणारे औषध दिले, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती सुधारली. मुलांसाठी तसे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. तोवर हृदयाची व कानांची वेळेवर तपासणी, बोलण्याचे व चालण्याचे धीराने शिक्षण, हेच उपाय होत. आणि त्या मातेस दोष न देणे, हे तर आपणां सर्वांच्या हाती आजच आहे.