कॅरिअरवरची कामं

सांगलीजवळच्या आष्ट्यासारख्या गावात दिवसभराची सगळी कामं सायकलवर होतात. त्याला पैलवानाचे पाय लागत नाहीत, कामांचा क्रम मात्र नीट लावावा लागतो. रस्ते सपाट आहेत, गावाबाहेर काळं रान आणि ऊस, आणि गिरणी, रेशन दुकान, बँक, बाजार सगळं गावातल्या गावात. तेवढंच अंतर चालत जायला जी शक्ती लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शात सायकल माणसाला पोचवते. वाया जातो तो वेळ चुकीच्या क्रमामुळे, एकाच रस्त्यानं दोनदा गेल्यामुळे.

सुरुवात आदल्या रात्री, हवेपासून करावी. टायर अंगठ्यानं दाबून बघायचं. सहज आत गेलं तर पंप मारायचा. कमी हवेचं टायर रस्त्यावर दर फेरीला चेपतं आणि उलगडतं, त्यात जोर जातो. वर कॅरिअरवर ओझं असेल तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते. हवा रात्रीतून उतरली तर पंक्चरवाल्याकडे धावण्याआधी वॉलट्यूब बघावी. ती रबराची बारीक नळी उन्हानं चिरते आणि फार थोड्या पैशात मिळते. बांधावरून येणाऱ्यांना मात्र खरोखरच बाभळीचा काटा भेटतो. ट्यूब बदलली आणि काटा टायरातच राहिला तर नवी ट्यूबही जाते, म्हणून टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून तो शोधायचा. चेनला मशीनचं तेल थेंब थेंब सोडायचं. घरातलं गोडं तेल नको, ते वाळून चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं.

सकाळचा पहिला थांबा गिरणीचा. शाळू आणि गव्हाचे डबे आधी टाकून पुढं जायचं, कारण नंबर लागायला वेळ जातो. हेच दळण सर्वांत शेवटी उचलायचं. दगडाच्या जात्यातून पीठ गरम निघतं. लगेच घट्ट झाकण लावलं तर आत वाफ धरते. तासभर थांबलेलं पीठ न्यायला आणि टिकायला दोन्हीला बरं.

दुसरा थांबा रेशनचा. यंत्रावर अंगठा उमटल्याशिवाय धान्य मिळत नाही, म्हणून गर्दीआधी गेलेलं चांगलं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे चौघांना २० किलो. अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ते कॅरिअरवर कसं लादायचं, यावर पुढचा सगळा दिवस ठरतो. पोतं आडवं टाकून सीटकडे सरकवून बांधायचं. ओझं मागच्या टोकाला गेलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल लटपटतं. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांसारखं दुसरं काही नाही. त्या ताणून बसतात आणि पोतं हललं तरी सैल पडत नाहीत. पट्टीचं मोकळं टोक चाकाच्या तारांत जाणार नाही, एवढं बघावं. २० किलोपर्यंत एक खेप पुरते. ३५ किलोच्या दोन खेपा करायला लाजू नये.

ओझं घेऊन निघताना जोर का लागतो, हे एकदा समजून घेतलं की गुडघे वाचतात. साध्या काळ्या सायकलला पुढच्या चक्राचे ४४ आणि फ्रीव्हीलचे १८ दात असले, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साडेपाच मीटर जाते. गिअर नसल्यानं हे अंतर कमी करता येत नाही. म्हणून लादलेली सायकल आधी चार पावलं ढकलायची, चाकं फिरू लागली की मग चढायचं.

बँक आणि पोस्ट त्यानंतर. तिथं वजन नसतं, पण वेळ ठरलेली असते. पोस्टाचं आवर्ती खातं महिना १०० रुपयांपासून चालतं. काटकसरीनं वाचलेले पैसे लगेच तिथं ठेवले तर ते खरंच वाचले. भाजी शेवटाकडे घ्यायची. पालेभाजी उन्हात मरते, टोमॅटो पोत्याखाली चेपतात. माळव्याच्या दोन पिशव्या हँडलच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या लावायच्या. मग गिरणी, मग घर.

गॅसच्या टाकीचा दिवस वेगळा ठेवावा. आत १४.२ किलो गॅस, वर लोखंडाचं वजन, मिळून तीस किलोच्या आसपास. टाकी उभी आणि टोपण लावूनच न्यायची, आणि सायकल हातानं चालवत आणायची.

गावाबाहेरचं गणित वेगळं. सांगली एका बाजूला, इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर, दुसऱ्या बाजूला, दोन्ही साधारण वीस किलोमीटर. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. सांगलीला जाताना तो पाठीशी असतो आणि थकून परतताना तोंडावर येतो. ताशी १५ किलोमीटरनं जाणाऱ्यासमोर तेवढाच वारा आला, की हवेचा अडथळा चौपट होतो. शिवाय ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचं रबर घसरतं, ब्रेक फार आधी दाबावा लागतो. गळीत हंगामात उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. ते मागून आले तर सरळ साइडपट्टीवर उतरून थांबावं. माझ्या मते सांगलीसाठी सायकल स्टँडपर्यंतच न्यावी, कुलूप लावावं आणि एसटी पकडावी. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. इथं काटकसर एसटीतच आहे.

हिशोब प्रामाणिकपणे मांडायला हवा. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोटारसायकल पेट्रोलला किलोमीटरमागं दोन रुपयांच्या आसपास खाते. गावातल्या सात-आठ किलोमीटरमागं रोजचे पंधरा-सोळा रुपयेच वाचतात. मोठा पैसा वाचतो तो विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग आणि कर्जाचा हप्ता यांचा, कारण सायकलला यातलं काहीच नाही. आणि कॅरिअरवर मावेल तेवढंच घरात येतं, त्यामुळे बाजारातली नको ती खरेदीही आपोआप थांबते.

पडवीत धूळ खात पडलेली सायकल तुमच्याही घरी असेल. नवी घेण्याआधी ती दुकानात न्या. वॉलट्यूब, ब्रेकचं रबर, चेनचं तेल आणि चाकाचा आऊट काढणं, बहुतेक सायकली एवढ्यावर पुन्हा रस्त्याला लागतात.