गॅरेजातल्या शिवणयंत्रावर उजेड हवा

रो-हाउसला लागून स्कूटरसाठी म्हणून बांधलेले गॅरेज. हळूहळू स्कूटर अंगणात जाते आणि तिथे शिवणयंत्र येऊन बसते. फॉल-बिडिंग, पिको, ब्लाउज! गिऱ्हाइकांची ये-जा घरात नको, म्हणून ही सोय खरोखर नामी. टेबल मिळते, कापडासाठी जुने कपाटही मिळते. दिवा मात्र तोच, गाडी लावताना भिंत दिसावी म्हणून छताला बसवलेला. त्याच्याखाली रात्री दहाला काळ्या पोलक्यावर काळी टीप घालायची, आणि ती वाकडी गेली की म्हणायचे, "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं!"

नंबर वाढलाही असेल. पण वयाबरोबर डोळ्यांना उजेडच जास्त लागतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. चाळिशीपासूनच फरक जाणवू लागतो. तेव्हा आधी दिवा पाहावा.

सुईखाली पांढरा कागद ठेवा आणि नेहमीसारख्या वाकून बसा. कागदावर तुमच्याच डोक्याची सावली पडते ना? दिवा पाठीमागे असल्याचा हा परिणाम. छतावरचा बल्ब बदलून मोठा लावला तर सावली तेवढी अधिक ठसठशीत होते, बाकी काही नाही. हवा तो दुसरा दिवा, हाताजवळ. यंत्राचा दांडा उजवीकडून आडवा येतो, म्हणून दिवा डावीकडून, किंचित पुढून यावा आणि त्याची टोपी डोळ्यांच्या पातळीखाली असावी. वाकणाऱ्या मानेचा टेबललॅम्प असला की झाले. 9 वॅटचा एलईडी दिवा जुन्या 60 वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो. दिव्याचे अंतर निम्मे केले तर उजेड जवळजवळ चौपट होतो, म्हणून छोटा दिवाही पुरतो.

मात्र केवळ हातावर झोत आणि बाकी अंधार, असेही नको. मान वर केली की डोळे दिपतात. छताला 20 वॅटची एलईडी ट्यूब असू द्यावी. भिंतींना पांढरा रंग दिला तर तोच उजेड दुणावतो.

"बिल वाढेल" ही तक्रार घरातून येणारच. हिशेब सांगा. जुनी 40 वॅटची ट्यूब चोकसकट साधारण 50 वॅट खाते. रोज पाच तास, म्हणजे महिन्याला साडेसात युनिट. नवी ट्यूब आणि टेबललॅम्प मिळून 29 वॅट, म्हणजे साडेचार युनिटही नाहीत. दोन दिवे लावून बिल कमीच!

खरी काटकसर होते ती वायरिंगमध्ये, आणि तिथेच ती करू नये. खिडकीतून ओढलेली दोन तारांची वायर, तिच्यावर दिवा, मोटर आणि वर इस्त्रीही! वायर तापते, आणि दोन तारांत अर्थिंग नसतेच. गॅरेजात लोखंडी शटर, पावसाळ्यात ओल आलेली फरशी. लायसन्स असलेल्या वायरमनकडून अर्थिंगसह वेगळी लाइन घ्यावी आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. फ्यूज उडतो तो भार जास्त झाला म्हणून; माणसाला शॉक बसतो तेव्हा त्याला पत्ताही नसतो. आरसीसीबी मात्र वीज गळू लागताच लाइन तोडतो.

आणि स्कूटर अजून आतच असेल तर? पेट्रोलची वाफ हवेहून जड, जमिनीलगत साचते. तिथे चिंध्यांचा ढीग आणि खाली बोर्ड, ठिणगीला आणखी काय हवे? बोर्ड कमरेच्या वर घ्या, आणि जमले तर स्कूटरलाच बाहेर काढा.

दिवा घेताना खोक्यावर 4000 के लिहिलेला घ्यावा. तो ना पिवळा, ना निळसर. तरी दोऱ्याचा रंग जुळवायचा तो दिवसाच, शटरपाशी उभे राहून. राणी आणि डाळिंबी दिव्याखाली हमखास फसवतात.