गांजा, कायदा आणि वैद्यकीय संशोधन

पैनगंगेच्या खोऱ्यातील जैनथच्या काळ्या जमिनीवर कापूस आणि तूर यांचे राज्य आहे. त्या पिकांच्या आड कोणी गांजाची झाडे लावली आणि पोलिसांनी ती उपटली, अशा वार्ता आदिलाबाद जिल्ह्यातून अधूनमधून येतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये अशा लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका हंगामाच्या लोभापायी कोणी घराची राखरांगोळी करून घेऊ नये. परंतु आज आम्हांस बोलावयाचे आहे ते गांजा पिकविणाऱ्यांविषयी नव्हे, तर त्याची शास्त्रशुद्ध परीक्षा करू इच्छिणाऱ्यांविषयी.

ही परीक्षा आपल्याच देशात आरंभली गेली होती. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ साली गांजाचे प्रयोग आधी प्राण्यांवर व मग रुग्णांवर करून त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आकडीने बेजार झालेल्या एका तान्ह्या मुलीस त्याने उतार पडल्याचे त्यांनी नमूद केले आहे. पुढे २०१८ साली त्याच झाडातील कॅनाबिडिऑल या नशा न आणणाऱ्या द्रव्याचे औषध अमेरिकेत बालकांच्या दोन दुर्धर फेफऱ्यांवर मान्य झाले. मध्ये जवळजवळ १८० वर्षे गेली!

आमचा कायदा संशोधनाच्या आड येतो काय? अक्षरशः पाहता नाही. त्याच्या आठव्या कलमात वैद्यकीय व शास्त्रीय कामाची सवलत आहे. मात्र दहाव्या कलमाने गांजाविषयीचे नियम करणे राज्यांकडे सोपविले आहे. म्हणजे राज्याने नियम करून परवाना दिल्यावाचून संशोधकाचे हात बांधलेलेच. जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेने परवान्याने लागवड करून काम चालविले आहे; पण एवढ्या मोठ्या देशास एकदोन ठिकाणे कशी पुरावीत?

मॉर्फिनचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. कर्करोगाच्या वेदनेने तळमळणाऱ्यास हे औषध द्यावयाचे, तर रुग्णालयास निरनिराळे परवाने गोळा करावे लागत. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अशा अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकच नियमावली आणली. गांजावरील संशोधनास असाच एक सरळ दरवाजा का नसावा? २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजास सर्वांत कडक यादीतून काढले, तेव्हा भारताने बाजूनेच मत दिले होते. नियंत्रण त्यानंतरही कायम आहे, आणि ते असावेच.

कोणी यावरून घरच्या आजारी लेकरास भांग किंवा गांजा पाजू लागेल, अशी भीती आम्हांस वाटते. मान्य झालेले औषध मोजून-मापून शुद्ध केलेले असते. चोरट्या पुडीत नशेचे द्रव्य किती, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. फेफऱ्याचे मूल घरी असेल, तर आदिलाबादच्या सरकारी रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांच्या सल्ल्यावाचून थांबवू नयेत. त्या एकाएकी बंद केल्यास झटके बळावतात.