जुन्या मोटारीचा पावसाळा

युरोपात जुनी मोटार काही महिने उभी करून ठेवण्याचा ऋतू हिवाळा असतो, कारण तेथे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून पसरलेले मीठ गाडीचा पत्रा खाते आणि इंजिनात खेळणारे पाणी गोठले तर ओतीव लोखंडाला तडा जातो. कोकणातील खालापूर आणि कर्जत या तालुक्यांत यांपैकी एकही संकट येत नाही. येथला हिवाळा हा उलट जुनी गाडी बाहेर काढण्याचा उत्तम काळ होय. येथे गाडी बंद ठेवावी लागते ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत, आणि म्हणून तिच्या बंदोबस्ताची कामे आगोटीची, म्हणजे पावसाळा तोंडावर आला असता घर शाकारण्याची, लाकूडफाटा आत घेण्याची आणि बेगमी भरण्याची जी लगबग कोकणात चालते, तिच्यातच मोडतात.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीच्या भिंतीला अडून याच पट्ट्यात रिते होते. कर्जत तालुक्यातील माथेरानला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माथेरानच्या वस्तीत मोटारींना मज्जाव असून त्या दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. परंतु डोंगराच्या पायथ्याला, उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत, मुंबईकरांची शेतघरे आहेत, आणि शहरातील इमारतीखाली जागा नसलेली जुनी फियाट, अँबॅसडर किंवा विलीज जीप तेथे आणून ठेवण्याचा विचार मालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशा गाड्यांचे मोल आता सरकारदरबारीही मान्य झाले आहे. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याची तरतूद केंद्र सरकारने २०२१ मध्ये केली असून तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी, म्हणजे टॅक्सी म्हणून धावणारी जुनी फियाटच, ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निघाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात घडलेल्या या गाड्यांपैकी ज्या उरल्या, त्या आता कोणी तरी हौसेने आणि कष्टाने सांभाळल्या तरच टिकतील.

पावसाळ्यात गाडी पावसाने खराब होते, हा समज अपुरा आहे. पावसाच्या सरी पत्र्यावरून ओघळून जातात आणि रंग शाबूत असेल तर त्यांनी फारसे बिघडत नाही. खरे नुकसान छपराखाली, कोरड्या दिसणाऱ्या जागी, हवेतील दमटपणामुळे होते. हवा एखाद्या तापमानाला जेवढे बाष्प धरून ठेवू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात प्रत्यक्ष आहे, या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. हे प्रमाण साधारण ६० टक्क्यांच्या वर गेले की उघड्या पोलादावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरू लागतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो; कोकणातील जुलै-ऑगस्टमध्ये ते दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वरच राहते. त्यात रात्रभर थंड झालेले इंजिन, गिअरपेटी आणि ब्रेकचे ड्रम हे जड भाग सकाळी हवेपेक्षा उशिरा तापतात, त्यामुळे उघडीप पडून उबदार दमट हवा आत शिरताच त्यांच्यावर दव जमते, म्हणजे पावसाचा थेंबही न लागता गाडी भिजते.

यावरून जागेविषयीचा निर्णय निघतो. एक तर खोली खरोखर हवाबंद असावी आणि तिच्यात हवेतील पाणी शोषणारे विजेचे यंत्र अखंड चालावे. नाही तर शेड उंच जोत्याची, पुढे आलेल्या पागोळ्यांची आणि वाऱ्याला आरपार वाट देणारी असावी. घाटाखालच्या गावांत वादळवाऱ्याने वीज जाते हे ध्यानी घेता बहुतेकांना दुसरा मार्गच परवडतो, आणि कोकणी पडवीची रचना त्याला अनुकूलच आहे. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे शटर ओढून घेतलेली, खिडकी नसलेली, पत्र्याच्या छपराची खोली, ही सर्वांत वाईट. तिच्यात ओल शिरते पण बाहेर पडत नाही. मातीच्या किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीतून ओल सतत वर येत असल्याने गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरून त्यावर फळ्या टाकाव्यात. गाडीच्या अंगावर मात्र प्लास्टिक किंवा ताडपत्री कधीही घालू नये, कारण तिच्याखाली दव कोंडून राहते. हवा जाऊ देणारे सुती आवरण, तेही सैलसर, पुरेसे असते. नदीकाठचा सखल भूखंड तर या कामी वर्ज्यच समजावा.

फियाट आणि अँबॅसडर यांच्या बाबतीत गंजाचा प्रश्न केवळ देखणेपणाचा नसतो. जीपला खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा असतो आणि वरचा पत्रा बदलता येतो. या दोन गाड्यांत मात्र तळ, दारांखालचे पोकळ उंबरे आणि अंगाचा पत्रा मिळूनच सांगाडा बनतो. त्यामुळे उंबरा आतून पोखरला गेला तर गाडीचे बळच जाते, आणि बाहेरचा रंग तजेलदार दिसत असल्याने ते वेळेवर कळत नाही. म्हणून मे महिन्याच्या उन्हात गाडी खालून धुऊन पूर्ण वाळवावी, दारांच्या तळाशी पाण्याच्या निचऱ्यासाठी ठेवलेली आणि चिखल-पाल्याने बुजलेली छिद्रे तारेने मोकळी करावीत आणि पोकळ भागांत पातळ मेणयुक्त तेल फवारावे. रबरी पायपुसण्यांखालचा नमदा एकदा ओला झाला की महिनोन्महिने वाळत नाही. तो काढूनच ठेवावा. जुन्या आसनांतील काथ्या आणि त्यांवरचे रेक्झिन यांना बुरशी धरते, तेव्हा काचा बोटभर खाली ठेवणे हितावह ठरते. मात्र त्या फटीला बारीक जाळी हवी, कारण भातखाचरे पाण्याने भरली की शेतातले उंदीर कोरड्या निवाऱ्याच्या शोधात निघतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात. सायलेन्सरच्या तोंडाला आणि हवेच्या गाळणीलाही जाळी बांधावी.

इंजिनाविषयी एक घातक सवय सर्वत्र दिसते, ती म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी पाच मिनिटे सुरू करून बंद करणे. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांब धावेत इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापून ती वाफ निघून जाते, पण पाच मिनिटांत ती थंड लोखंडावर थिजते आणि तेलात मिसळते. रखवालदाराच्या हाती किल्ली देऊन हे काम करवून घेण्यापेक्षा इंजिनाला हातही न लावणे बरे. त्याऐवजी आगोटीलाच तेल बदलावे, कारण वापरलेल्या तेलात आम्ले साचलेली असतात. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ तेल सोडावे आणि इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवावे, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर बसून पिस्टनच्या कड्या चिकटत नाहीत.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडे अधिक बिकट झाला आहे. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. शिवाय त्या काळची रबरी नळी आणि पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. चार महिन्यांसाठी टाकी काठोकाठ भरून आतली हवा कमी करावी, कार्ब्युरेटर मात्र रिकामा करावा.

बॅटरी काढून कोरड्या खोलीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. हँडब्रेक ओढून ठेवू नये, नाही तर ब्रेकचे पट्टे ड्रमला गंजाने चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

ऑक्टोबरच्या उन्हात गाडी बाहेर काढल्यावर पहिली तपासणी ब्रेकची हवी. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घटतो. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या तेलाला किमान २०५ अंश सेल्सिअस उत्कलनबिंदू आवश्यक असतो, पाणी मुरलेल्या तेलाची हीच मर्यादा १४० अंशांवर येते. सपाटीवर हा फरक जाणवत नाही. बोरघाट उतरताना मात्र सतत दाबलेले ब्रेक तापून तेलातील पाण्याची वाफ होते आणि पायाखालचे पेडल पोकळ पडते. म्हणून ते तेल बदलून, चारही ड्रम उघडून पाहिल्यावरच गाडी खोपोलीच्या पुढे, घाटात, न्यावी.