खिशातला संगणक (५) : सायऑनचा ऑर्गनायझर

मागच्या लेखात आपण खिशात मावणाऱ्या गणकयंत्रांपर्यंत आलो होतो. त्यांचा सगळा भर आकडेमोडीवर. नावं, पत्ते, फोन नंबर सांभाळणारं यंत्र करायला पुढे आली ती लंडनची एक छोटी कंपनी, सायऑन. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे डेव्हिड पॉटर इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांनी १९८० मध्ये ही कंपनी काढली. सुरुवातीला ती सिंक्लेअरच्या घरगुती संगणकांसाठी खेळ आणि इतर प्रोग्रॅम लिहायची. तिथे स्मृती अगदी तुटपुंजी, त्यामुळे मोजक्या किलोबाइटमध्ये काम भागवण्यात या मंडळींचा हात बसला. हीच सवय पुढे उपयोगी पडली.

१९८४ मध्ये ऑर्गनायझर बाजारात आला. सरकतं झाकण, एबीसीडीच्या क्रमानं लावलेली बटणं आणि एकाच ओळीचा पडदा. त्यावर एका वेळी सोळा अक्षरं दिसत. कामापुरती स्मृती दोन किलोबाइट. आज हे ऐकून नवल वाटेल, पण माझ्या मते या यंत्राची खरी करामत त्याच्या आकारात नव्हतीच. ती होती माहिती जपण्याच्या पद्धतीत.

त्या काळी साध्या स्मृतीतला मजकूर बॅटरी संपली की जायचा. वर्षभर जमवलेले फोन नंबर असे एका झटक्यात गेले, तर त्या यंत्रावर पुन्हा कोण भरवसा ठेवणार? म्हणून सायऑननं इप्रॉम नावाची चिप वापरली आणि ती डेटापॅक नावाच्या छोट्या डबीत बसवली. या चिपमध्ये लिहिताना जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन एका बंदिस्त थरात ढकलले जातात. बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. डेटापॅक यंत्रातून काढून टेबलाच्या खणात टाकला तरी आतली माहिती शाबूत!

पण लिहिलेलं पुसायचं कसं? अडकलेले इलेक्ट्रॉन सोडवायला चिपवर अतिनील प्रकाश टाकावा लागे, आणि त्यानं अख्खी चिप कोरी होई. एकच नोंद काढून टाकायची सोय नव्हती. समजा, कुणाचा नंबर बदलला. यंत्र जुन्या नोंदीवर ‘रद्द’ अशी खूण करी आणि नवी नोंद पुढच्या रिकाम्या जागेत लिही. जुनी दिसेनाशी व्हायची, पण तिनं अडवलेली जागा काही सुटायची नाही. असं होत होत डेटापॅक भरला की कामाच्या नोंदी दुसऱ्यावर उतरवून घ्यायच्या आणि पहिला अतिनील दिव्याखाली ठेवायचा. खटाटोप होताच, पण माहिती सुरक्षित राहावी म्हणून पत्करलेला. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

१९८६ मध्ये ऑर्गनायझर टू आला. पडदा दोन ओळींचा झाला, स्मृती वाढली आणि ओपीएल ही सोपी प्रोग्रॅमिंगची भाषा आतच मिळाली. वापरणारा आपल्या धंद्याला लागणारा प्रोग्रॅम स्वतः लिहू लागला, आणि इथूनच या यंत्राला खरा जोर आला. मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानांत ते पोचलं. ब्रिटनच्या रोजगार खात्यातले कर्मचारी त्यावर लोकांच्या भत्त्याचा हिशेब करू लागले.

पुढे १९९१ मध्ये सिरीज थ्री आणि १९९७ मध्ये सिरीज फाइव्ह आली. सिरीज फाइव्हमधल्या इपॉक या कार्यप्रणालीवर मोबाइल कंपन्यांची नजर गेली. १९९८ मध्ये नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांच्या साथीनं सिम्बियन ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. सायऑननं २००१ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी हातसंगणक बनवणं थांबवलं, पण तिचं काम फोनमधून पुढे गेलं. नोकिया ६६०० हा फोन आपल्याकडे अनेकांनी हौसेनं वापरला. तो सिम्बियनवरच चालायचा.

पुढच्या आठवड्यात अ‍ॅपलचा न्यूटन आणि हस्ताक्षर ओळखण्याची त्याची धडपड.