निसर्गरक्षण आणि निसर्गपूजा : तापी नदीच्या संदर्भात एका धार्मिक आक्षेपाचा विचार

प्रस्तावना

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. पुढे पदवी अभ्यासक्रमातही या विषयाचा समावेश झाला. वर्गातील व्याख्यानांत आणि महाविद्यालयीन कार्यक्रमांत मात्र पृथ्वी, नदी व वृक्ष यांचा उल्लेख पुष्कळदा माता किंवा देवता म्हणून होतो. एकेश्वरवादी घरातील विद्यार्थी येथे अडखळतो. अशा वेळी त्याचा संकोच मागासलेपणाचा मानून दुर्लक्षिणे अथवा वाद नको म्हणून विषयच उरकून टाकणे, या दोन्ही गोष्टी शिक्षकाने टाळाव्यात. त्यासाठी हा आक्षेप नेमका काय आहे आणि त्याची मर्यादा कोठे आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

आक्षेपाचे स्वरूप

नॉर्वेचे तत्त्वज्ञ अर्ने नेस यांनी 1973 मध्ये 'सखोल पर्यावरणवाद' ही संकल्पना मांडली. निसर्गाचे मूल्य माणसाच्या उपयोगावर अवलंबून नसून प्रत्येक सजीवाला तत्त्वतः जगण्याचा समान हक्क आहे, असे तिचे सार आहे. पुढे याच दिशेने जहाल चळवळी उभ्या राहिल्या. 2008 मध्ये इक्वेडोरने आपल्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले आणि 'पाचामामा' म्हणजे पृथ्वीमातेचा उल्लेख केला.

परंपरानिष्ठ धार्मिकांना यात जुन्या निसर्गपूजेचे नवे रूप दिसते. हा आक्षेप केवळ मुस्लिमांचा नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये रोम येथील एका चर्चमध्ये ठेवलेल्या पाचामामाच्या मूर्ती कॅथलिक परंपरावाद्यांनी उचलून टायबर नदीत फेकल्या होत्या.

इस्लामी विचारात या आक्षेपाचा आधार तौहीद हा आहे. सूर्यचंद्रासमोर न झुकता त्यांच्या निर्माणकर्त्यासमोर झुकावे, असा कुरआनचा आदेश आहे (सूरह हा-मीम सज्दा). हजरत इब्राहीम (अलै.) यांनी तारा, चंद्र व सूर्य मावळताना पाहून त्यांना ईश्वर मानण्यास नकार दिला (सूरह अनआम). हुदैबिया येथे ज्या झाडाखाली सहाबांनी शपथ घेतली होती तेथे लोक मुद्दाम नमाज पढू लागले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी ते झाड तोडविले, अशी रिवायत आहे.

आक्षेपाची मर्यादा

परंतु येथेच थांबल्यास इस्लामची अर्धीच बाजू मांडली जाईल. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सीरियाकडे निघालेल्या सैन्याला फळझाडे न तोडण्याची ताकीद दिली होती. एका खलिफाने पूजेच्या भीतीने झाड तोडविले, तर दुसऱ्याने युद्धातही झाडे राखली. या दोन्ही कृती एकत्र वाचल्या म्हणजे भूमिका स्पष्ट होते. झाड उपास्य नाही, पण म्हणून ते माणसाच्या लहरीवर सोडलेलेही नाही.

माणूस पृथ्वीवर खलिफा म्हणजे प्रतिनिधी आहे आणि सृष्टी ही त्याच्याकडे सोपविलेली अमानत आहे. सूरह रहमानमध्ये 'मीजान' म्हणजे समतोल न बिघडविण्याची आज्ञा आहे. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी हदीस आहे. राखीव कुरणांची 'हिमा' आणि विहिरी व प्रवाह यांभोवतीच्या संरक्षित पट्ट्याची 'हरीम' या व्यवस्था फिकहच्या ग्रंथांत तपशिलाने आल्या आहेत. इराणी विचारवंत सय्यद हुसेन नस्र यांनी 1966 मध्ये शिकागो विद्यापीठातील व्याख्यानांत याच्याही पुढचा मुद्दा मांडला. निसर्गाकडे ईश्वरी संकेत म्हणून पाहण्याची दृष्टी आधुनिक माणसाने गमावली, हेच पर्यावरणीय संकटाचे मूळ होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजेच परंपरानिष्ठ मुस्लिम विचारातही निसर्ग केवळ कच्चा माल ठरत नाही.

तापीचे उदाहरण

बैतुल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावणारी तापी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत सुरतेला पोहोचते. खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे याच शहरातील लिंबायत व उधना भागांत राहतात. हिंदू श्रद्धेनुसार तापी ही सूर्यकन्या आहे. आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मदिवस साजरा होतो आणि तिला चुनरी अर्पण केली जाते. मुस्लिमांसाठी हेच शहर मोगल काळात हजयात्रेचे बंदर होते आणि यात्रेकरू तापीच्याच मुखातून मक्केकडे निघत.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडण्यात आले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. चुनरी वाहणाऱ्याचे घर व न वाहणाऱ्याचे घर असा भेद त्या पाण्याने केला नाही. पुरानंतरच्या चर्चेत धरणातील पाण्याचे नियोजन आणि नदीपात्रातील अतिक्रमण हे प्रश्न पुढे आले. नदीला देवी मानणे किंवा न मानणे हे त्यांचे उत्तर नव्हते. ज्या नदीची पूजा होते ती केवळ पूजेने स्वच्छ राहत नाही, आणि ज्याला पूजा अमान्य आहे तोही तिचे पाणी पिण्याच्या ऋणातून सुटत नाही.

कायद्याच्या क्षेत्रातही हा भेद उपयोगी पडतो. मार्च 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला आणि निकालात या नद्यांविषयीच्या हिंदू श्रद्धेचा आधार घेतला. हा खटला 'मोहम्मद सलीम विरुद्ध उत्तराखंड राज्य' या नावाने ओळखला जातो, हे लक्षणीय आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयास स्थगिती दिली. श्रद्धेचा आधार बाजूला ठेवला तर कायदेशीर व्यक्तित्व ही केवळ एक सोय आहे. कंपनीही कायद्याने व्यक्ती असते, पण तिची पूजा कोणी करीत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, निसर्गपूजेवरील आक्षेप हा उपासनेविषयीचा आहे, रक्षणाविषयीचा नाही. म्हणून आरती किंवा वंदनात सहभागी न होणाऱ्या विद्यार्थ्यावर सक्ती करू नये व त्याला पर्यावरणविरोधीही समजू नये. दुसरी, हा आक्षेप कर्तव्यातून सुटण्याची पळवाट होऊ शकत नाही. 'आम्ही नदी पुजत नाही' असे म्हणणाऱ्याला 'मग अमानत कशी सांभाळता?' हा प्रश्न शिक्षकाने अवश्य विचारावा. पाण्याची तपासणी, पूररेषेचा अभ्यास, वजूच्या पाण्याची बचत व त्याचा पुनर्वापर असे प्रकल्प दिल्यास दोन्ही श्रद्धांचे विद्यार्थी एकाच घाटावर, आपापला विश्वास न सोडता, एकत्र काम करू शकतील.